माहेरवाशिणीचे नऊ सेकंद

साडेसहा वाजले की कौशल्या अंगणातला दिवा बंद करायची आणि शेवंतीची टोपली पुढ्यात घेऊन अंधारातच हार ओवायला बसायची. सुई-दोऱ्यासाठी डोळ्यांची गरज पडण्याचे तिचे दिवस कधीच मागं पडले होते. फूल आजचं की कालचं, हे तिचं बोटच तिला सांगायचं. दिवा चालत नव्हता, कारण खळ्यावर तिच्या दिराचा कॅमेरा आभाळाकडं तोंड करून उभा असायचा आणि त्याला उजेड सोसत नव्हता.

दीर म्हणजे चंद्रभान. अमरावतीला राजापेठेत त्यानं तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. आता दुकान कौशल्येची मुलगी प्रणाली पाहते. तिच्याकडं ड्रोन आहे, कॉम्प्युटर आहे, नवरा-नवरीला डोंगरावर न नेता डोंगरावर उभं करायची युक्ती आहे. चंद्रभानचा जुना व्हिडिओ कॅमेरा, अगदी थोड्या उजेडातही पाहू शकणारा, तिच्या कामाचा नव्हता. तो कॅमेरा घेऊन चंद्रभान वर्षातून चार-पाचदा तिवशाच्या अलीकडं, भावाच्या ह्या फुलांच्या मळ्यात आठ-दहा दिवस मुक्कामाला यायचा, उपग्रह टिपायला.

ही गोडी त्याला लागली ती अकोल्याच्या उत्तमरावांमुळं. उत्तमराव गणिताचे मास्तर, आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या, मोनालीच्या लग्नाचं शूटिंग चंद्रभाननं केलं. हार पडायला दिवस मावळला, फटाके उडाले, चंद्रभाननं कॅमेरा वर केला. फटाके विझले तरी एक ठिपका शांतपणे मांडवावरून सरकत राहिला आणि अकरा सेकंद कॅमेऱ्यात आला. दोन महिन्यांनी उत्तमरावांचा फोन आला, तो अल्बमसाठी नव्हता आणि राहिलेल्या पैशांसाठीही नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, की तो ठिपका मांडवावरून गेला तेव्हा नेमके किती वाजले होते, सेकंदासकट. चंद्रभानला ते सांगता आलं. त्या एका उत्तरावर दोघांचं सूत जुळलं, ते जुळलंच.

काम तसं साधं होतं. कॅमेरा एका जागी रोवायचा. तारे जागच्या जागी राहतात, उपग्रह त्यांच्यामधून चालत जातो. कोणत्या ताऱ्याजवळून तो किती वाजता गेला हे नेमकं कळलं, की त्याची वाट कागदावर काढता येते आणि उद्या-परवा तो कुठं उगवेल हे सांगता येतं. जगभरात अशी काही माणसं आहेत. आपापल्या गच्चीवरून, परसातून ती पाहतात आणि एकमेकांना लिहितात. काही उपग्रह असे, की सोडणाऱ्यांनी त्यांची वाट कोणाला सांगितलेलीच नाही. ते हरवले की हरवले. अशा माणसांची नजर हीच काय ती त्यांची नोंद.

असाच एक उपग्रह ह्या दोघांच्या वाट्याला आला होता. नाव नाही, फक्त एक आकडा. दोन-अडीच महिन्यांनी तो संध्याकाळच्या आभाळात यायचा, आठवडाभर दिसायचा आणि निघून जायचा. पहिल्यांदा चंद्रभाननं बोट करून दाखवला तेव्हा कौशल्या हार खाली ठेवून बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, ही तर माहेरवाशीण आहे. आणि ओवायला बसता बसता तिनं हलक्या आवाजात तिच्यावर ओवी रचली.

*सांजच्या गं पारी, कोन चालली एकली*
*तिच्या पायातली जोडवी, नाही कोनी आइकली*

त्या दिवसापासून अकोल्यातही तिला माहेरवाशीणच म्हणू लागले.

आभाळ दोघांनी वाटून घेतलं होतं. वाटून घेतलं म्हणण्यापेक्षा, तसं ते वाट्याला आलं होतं. उत्तमरावांच्या गच्चीच्या पूर्वेला नवी इमारत झाली होती, तिच्या दिव्यांनी अर्धं आभाळ धुऊन नेलेलं. मळ्याच्या पश्चिमेला अमरावतीचा उजेड. म्हणून माहेरवाशीण वायव्येला उगवून येताना अकोल्याला दिसायची आणि आग्नेयेकडं जाताना मळ्यातून दिसायची. तिचं येणं उत्तमरावांकडं, तिचं जाणं चंद्रभानकडं. दोन तुकडे जोडले की तिची वाट पुरी व्हायची.

जोड बसायची ती वेळेवर. उत्तमरावांकडं त्यासाठी एक डबी होती, ती थेट वरच्या उपग्रहांकडूनच वेळ घ्यायची आणि चित्रावर छापायची. तशीच दुसरी डबी चंद्रभानला द्यायला ते तयार होते, पण चंद्रभानचा ट्रान्झिस्टर होता. सातच्या बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडतात. ट्रान्झिस्टर कॅमेऱ्याशेजारी ठेवायचा, ठोके चित्राबरोबर आवाजात येतात, शेवटच्या ठोक्याला सात वाजले. एका सेकंदात पंचवीस चित्रं. तिथून मागं-पुढं मोजत गेलं की झालं. नऊ वर्षांत त्याचा हिशेब कधी चुकला नव्हता. ज्यानं शेकडो लग्नांत अंतरपाट बाजूला होण्याचा क्षण एकदाही हुकवला नाही, त्याला वेळ काय शिकवायची.

ह्या वर्षी जानेवारीत मळ्याकडं येताना गतिरोधकावर ट्रान्झिस्टर स्कूटरवरून पडला आणि मुका झाला. प्रणालीनं काकाच्या फोनमध्येच रेडिओ घालून दिला. त्याच बातम्या, तेच ठोके, उलट आवाज जास्त स्वच्छ. चंद्रभाननं फोन कॅमेऱ्याशेजारी ठेवला आणि काम सुरू झालं.

पहिल्याच दिवशी दोन तुकडे जुळेनात. उत्तमरावांनी फोनवर सगळं दोनदा मांडून पाहिलं. चंद्रभानचा तुकडा नऊ सेकंद आधी येत होता. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं.

"माह्या गच्चीवरून तर वेळेवर निघते. मंग बडनेऱ्याहून मधल्या वाटेनं पळते का काय, तुह्याकडं नऊ सेकंद आधीच पोचते?"

चंद्रभानही हसला. नऊ सेकंद म्हणजे तिच्या चालीनं अमरावतीहून निघून मूर्तिजापूर मागं टाकून बोरगाव मंजूच्या आसपास. आभाळात पाहायचं तर नऊ चंद्र एकाला एक चिकटवून मांडावेत एवढी जागा. दुसऱ्या दिवशी तो फरक अकरा सेकंद झाला. तिसऱ्या दिवशी साडेआठ.

चंद्रभानच्या मनानं घेतलं, की तिच्या धन्यानं तिला धक्का दिला असेल. असं करतात. वरच्या वर इंजिन जरासं पेटवून वाट बदलतात. दुसऱ्याच दिवशी त्यानं प्रणालीकडून इंग्रजीत लिहवून जगभरच्या त्या मंडळींना कळवूनही टाकलं, की ती हलली आहे, पाहा. उत्तमरावांना न विचारता. तिसऱ्या संध्याकाळी उत्तमरावांनी ते वाचलं आणि फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. हललेली गोष्ट एक दिवस नऊ, एक दिवस अकरा आणि एक दिवस साडेआठ अशी हलत नाही, असं ते म्हणाले. वेळ चुकतेय ती तुझ्याकडं. चंद्रभान म्हणाला, माझी वेळ चुकत नसते.

"वऱ्हाडातल्या लग्नाचा मुहूर्त नोहे हा, चंद्रभान," उत्तमराव म्हणाले. "पत्रिकेत अकरा छापाचे अन् हार दोन वाजता पडाचे. तुले त्याचीच सवय पडली."

चंद्रभाननं फोन ठेवून दिला. लग्न उशिरा लागायचं ते वरातीत नाचणाऱ्यांमुळं. तो मात्र प्रत्येक वेळी दहाला हजर असायचा, उपाशी, खांद्यावर कॅमेरा घेऊन. हे उत्तमरावांना माहीत होतं. माहीत असून ते बोलले, ह्याचंच त्याला लागलं.

चौथ्या दिवशी अकोल्याहून फोन आला नाही. पाचव्याही दिवशी नाही. नऊ वर्षांत माहेरवाशीण असताना असं कधी झालं नव्हतं. ह्या वेळी ती सहाच संध्याकाळी दिसणार होती. सहाव्या संध्याकाळनंतर ती थेट मार्चच्या अखेरीला येणार, आणि आता दोन तुकडे जुळले नाहीत तर तेव्हा तिला कुठं पाहायचं हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. मागं एकदा अशीच ढगांमुळं सुटली, तर सापडायला सात महिने लागले होते. तेव्हा दोघं मिळून शोधत तरी होते.

चौथ्या दिवशी चंद्रभाननं आणखी एक गोष्ट केली. शेजारच्या वावरात नत्थुजींचा हरभरा होता. घाटे भरले होते आणि तिन्हीसांजेला रोही, नीलगाईंचे कळप, यायचे. त्यांना माणसाचा आवाज कळावा म्हणून नत्थुजी मचाणाला जुना रेडिओ टांगून दिवसरात्र चालू ठेवायचे. भजनं, जाहिराती, बाजारभाव, जे लागेल ते. आपल्या चित्रात हा गलका नको, म्हणून चंद्रभान बांधावर जाऊन त्यांना सांगून आला, की साडेसहा ते सव्वासात जरा बंद ठेवाल का. नत्थुजी म्हातारे, बोलायला कमी. मान हलवली आणि बंद ठेवला.

पाचव्या संध्याकाळी माहेरवाशीण येऊन गेली. चंद्रभान स्टँड न काढता तसाच उकिडवा बसून राहिला. कौशल्येनं ओवलेला हार ओल्या फडक्यात गुंडाळला. बोलावं की नाही असं तिचं थोडा वेळ चाललं असावं. मग ती म्हणाली, की रेडिओ नसल्यानं मळा कसा सुनासुना वाटतो.

"सातचे ठोकेबी आता एकदाच पडते, भाऊजी."

"एकदाच पडाचे असते, वहिनी."

"पहिले तीन दिवस दोनदा पडत होते. आधी नत्थुजींच्या तिथं, मंग तुमच्या फोनात. म्या मनाशी म्हटलं, हे फोनवाले गावाकडच्याले अंमळ मागूनच सांगत असन."

 त्या रात्री चंद्रभानला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची फुलं तिवशाच्या गाडीत चढवून झाल्यावर तो खोलीत आला आणि कॅमेऱ्याला हेडफोन लावून पहिल्या दिवसाचं चित्र लावलं. नऊ वर्षांत हे त्यानं कधी केलं नव्हतं. धंद्याची सवयच तशी. लग्नाचा मूळ आवाज कोणाला हवा असतो? तिथं आचारी ओरडत असतो, पोरं रडत असतात, कोणीतरी चपला शोधत असतं. तो आवाज बंद करायचा आणि वरून गाणं टाकायचं. आभाळाच्या चित्रांचंही तो तेच करत आला होता. ठोक्यांची जागा शोधायची आणि बाकी सगळं बंद करायचं.

आता त्यानं ते सगळं ऐकलं. आधी आपलंच खाकरणं ऐकलं. विहिरीवरच्या मोटारीची घरघर, कौशल्येची अर्धी म्हणून सोडलेली ओवी, दूर हमरस्त्यावर नागपूरकडं जाणाऱ्या ट्रकचा भोंगा. ह्या सगळ्याच्या तळाशी नत्थुजींचा रेडिओ होता, पदराआडून बोलल्यासारखा. त्यात ठोके पडले. अगदी बारीक, पण पडले. मग नत्थुजींच्या रेडिओवर बाई बातम्या सांगू लागली. आणि ती बोलत असतानाच फोनमधले ठोके मोठ्यानं पडले.

त्यानं चित्रं मोजली. साडेआठ सेकंद. दुसऱ्या दिवसाची साडेदहा. तिसऱ्या दिवसाची आठ.

त्यानं हेडफोन काढून ठेवला. रेडिओ हवेतून येतो. फोनमधला रेडिओ कुठून कुठून फिरून, थांबत थांबत येतो आणि रोज वेगळा उशीर करतो. एवढी साधी गोष्ट होती. ठोके स्वच्छ ऐकू आले, म्हणून ते खरे मानले. आणि खरे ठोके पलीकडून येत होते, तर स्वतः बांधावर जाऊन ते बंद करून आला.

तसाच उठून तो नत्थुजींच्या वावरात गेला. नत्थुजी बांधावर बसून तंबाखू मळत होते. चंद्रभाननं आज संध्याकाळी रेडिओ लावा, मोठ्यानं लावा, असं सांगितलं. नत्थुजींनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि मचाणाच्या पलीकडं बोट दाखवलं. हरभऱ्याच्या दोन ओळी मुळापर्यंत खुडलेल्या होत्या. बाजूच्या ओल्या मातीत रोह्यांचे खूर उमटले होते.

"तुमी सांगतलं बंद ठेवा, ठेवला. त्यायलेबी कोनं सांगतलं असन, या म्हणून."

चंद्रभानला मान वर करवेना. आपण सांगायला नको होतं, असं तो म्हणाला. नत्थुजी म्हणाले, दोन ओळींचं काय घेऊन बसला, तुझ्या भावानं त्याच्या विहिरीचं पाणी मला दोन उन्हाळे दिलं. मग त्यांनी विचारलं, की ती वरची बाई भजनानं बिचकते का. चंद्रभान म्हणाला, ती नाही बिचकत, मीच बिचकलो.

अकोल्याला फोन लावायला त्याला आणखी अर्धा तास लागला. दोनदा नंबर काढून त्यानं फोन खिशात घातला. तिसऱ्यांदा लावला. उत्तमरावांनी पहिल्याच घंटीला उचलला, जणू फोन त्यांच्या हातातच होता. 

"सर," चंद्रभान म्हणाला, "माही वेळ चुकली."

 मग चंद्रभाननं सगळं सांगितलं. फोनचा रेडिओ, नत्थुजींचा रेडिओ, कौशल्येनं ऐकलेले दोन-दोनदा पडणारे ठोके, आणि तीन दिवसांचे आकडे.  पलीकडं कागदावर पेन फिरल्याचं ऐकू येत होतं. मग उत्तमराव हळूच म्हणाले, की तरी जुळत नाही. त्यांच्या मोजणीनं नऊ, अकरा, साडेआठ. चंद्रभानच्या मोजणीनं साडेआठ, साडेदहा, आठ. रोज अर्धा सेकंद कुठं तरी जातोच आहे.  

"नत्थुजींचं मचाण तुह्या कॅमेऱ्यापासून किती लांब हाय?" उत्तमरावांनी विचारलं.

फोन कानाला तसाच धरून चंद्रभान खळ्यावरून निघाला. शेवंतीच्या वाफ्यांमधून, बांध ओलांडून, हरभऱ्याच्या कडेनं, तोंडानं पावलं मोजत. कौशल्या विहिरीजवळ उभी राहून पाहत होती. नत्थुजीही पाहत होते. दोनशे अकराव्या पावलाला त्याचा हात मचाणाच्या खांबाला लागला.

उत्तमराव हसले. पाच दिवसांनी हसले. त्या रेडिओचा आवाज मळ्यात पोचायलाच अर्धा सेकंद लागतो, असं ते म्हणाले. नत्थुजींचे ठोके खरे, पण चालत येतात बिचारे. तेवढे मागं घे. घेतले. तिन्ही दिवसांचे तुकडे जुळले. माहेरवाशिणीला कोणी धक्का दिला नव्हता. ती आपल्या वाटेनंच चालली होती. चौथ्या-पाचव्या दिवसाचं चित्र मात्र टाकून द्यावं लागणार होतं, त्यात नत्थुजी नव्हते. पुढची वाट पक्की करायची तर पहिल्या दिवसांबरोबर शेवटचा दिवस हवा होता. आजचा.

मग उत्तमराव म्हणाले, की ते मुहूर्ताचं आपण बोलायला नको होतं. मोनालीच्या लग्नात तू सकाळी दहापासून उपाशी उभा होतास आणि तुला ताट वाढायचं आमच्याकडून राहूनच गेलं, हे मला त्या रात्रीच आठवलं होतं. नऊ वर्षं सांगायचं राहिलं. चंद्रभान म्हणाला, तुमच्याकडच्या भजीवाल्यानं गुपचूप चार भजी दिली होती. चांगली होती.

संध्याकाळी दिवा बंद झाला. कौशल्येनं टोपली ओढून घेतली. नत्थुजींनी सांगितल्यापेक्षा जास्तच मन लावून रेडिओ लावला होता. कांद्याचे भाव पार हमरस्त्यापर्यंत जात असावेत. क्षितिजाशी थोडी धूळ होती, वर आभाळ मोकळं. सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ती अमरावतीच्या उजेडातून बाहेर आली. मोठी नाही, चमकदार नाही, धान्यातून वेचलेल्या एका दाण्याएवढी. मृगाच्या पायाजवळून ती खाली उतरू लागली.  कौशल्येची सुई थांबली होती. पूर्वेला पृथ्वीच्या सावलीत शिरताना ती जराशी तांबूस झाली आणि विझली. पुढं मचाणावरून सातचे ठोके आले.

चंद्रभाननं त्या ठोक्यांची जागा मोजून, अर्धा सेकंद मागं घेऊन आकडे अकोल्याला सांगितले आणि फोन कानाला लावून बसला. उत्तमराव गणित मांडत होते. कौशल्या ओवत होती. तिचा आवाज इतका हलका होता, की ओवी दोऱ्यातून सरकतेय की तोंडातून, हे कळू नये.

*आली तशी गेली बाई, नाही बसली वट्यावर*
*नजर बांधून म्या ठेवली, तिच्या पदराच्या काठावर*

"आज बडनेऱ्याहून मधल्या वाटेनं पळाली नाही ते," फोनमधून उत्तमराव म्हणाले. "सरळ आली."

मार्चच्या सव्वीस तारखेला, सात वाजून बावीस मिनिटांनी, वायव्येला दिसेल, असं त्यांनी पुढं सांगितलं. चंद्रभाननं ते कौशल्येला सांगितलं. तेव्हा शेवंती संपलेली असेल, मोगरा सुरू झालेला असेल, एवढंच ती म्हणाली. मग त्यानं राजापेठेत प्रणालीला फोन करून त्या जगभरच्या मंडळींना दोन ओळी लिहायला सांगितल्या. ती हललेली नाही. चूक आमच्याकडची होती. प्रणालीनं विचारलं, की कशामुळं झाली ते लिहायचं का. तो म्हणाला, सगळं लिही. नत्थुजींचं नावही लिही.

पलीकडच्या वावरातून नत्थुजींनी हाळी दिली, की काम झालं असेल तर आवाज कमी करू का, कान किटले.

"नोका करू," चंद्रभान म्हणाला. "राहू द्या. रोही येतीन."